एका खिशात चार वर्गणीपुस्तकं : न्यूयॉर्कचा ज्यू समाज आणि शिवणकामगारांची युनियन

प्रश्न असा आहे : अमेरिकेत ज्यू समाज आणि कामगार चळवळ यांची भागीदारी इतकी दशकं टिकली, ती धर्मामुळे की गरिबीमुळे? रोजचा व्यवहार कसा चालायचा, पैसा कुठून यायचा, आणि गाडं अडलं कुठे?

धर्म आणि गरिबी ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. गरीब तर न्यूयॉर्कमधले आयरिश आणि इटालियनही होते. धर्माचं म्हणाल तर युनियनचे पुढारी बहुतेक निधर्मी होते. त्यांच्यातले अराज्यवादी तर योम किप्पूरच्या कडक उपासाच्या दिवशी मुद्दाम नाचगाण्याचे कार्यक्रम ठेवायचे. भागीदारी टिकली याचं कारण बरंच रुक्ष आहे. एकाच शिंप्याच्या खिशात युनियनचं, गावमंडळाचं, आजारपण-मर्तिकाच्या फंडाचं आणि जमल्यास घराच्या सोसायटीचं, अशी तीन-चार वर्गणीपुस्तकं असत, आणि या सगळ्या संस्थांची बातमी एकाच वर्तमानपत्रात यायची.

आधी एक गैरसमज दूर करू. एका बाजूला ‘ज्यू समाज’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कामगार’ असे दोन पक्ष कधीच नव्हते. मालकही ज्यूच होते. आधी येऊन स्थिरावलेले जर्मन ज्यू शहराच्या वरच्या भागात राहायचे. रशियात १८८१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या खुनानंतर दंगली झाल्या, आणि तिथून पळालेले यिडिश, म्हणजे पूर्व युरोपी ज्यूंची भाषा, बोलणारे ज्यू मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या चाळींत भरले. १९२४ च्या कायद्याने दार बंद होईपर्यंत पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत आले. म्हणजे भांडण समाजाच्या आत होतं आणि तडजोडही आतच व्हायची. मराठी वाचकाला ‘ज्यू’ आणि ‘कापड’ म्हटलं की मुंबईच्या ससून घराण्याच्या गिरण्या आठवतील. ते बगदादी ज्यू. तिथे मालक आणि कामगार यांची भाषा एक नव्हती, गल्ली एक नव्हती आणि प्रार्थनाघरही एक नव्हतं. आपल्याकडचे बेने इस्राएली कारकुनी, रेल्वे, फौज अशा नोकऱ्यांत अधिक होते. त्यामुळे न्यूयॉर्कसारखं समीकरण मुंबईत जुळायला जागाच नव्हती.

आता धंद्याची रचना, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कापड कापायचं काम मोठ्या कंपनीच्या आतल्या कारखान्यात व्हायचं. कापडाचे थरावर थर पसरायचे, वर नमुना ठेवायचा आणि सगळे थर एका दमात कापायचे. कटरचा हात चुकला तर एक नग जात नाही, अख्खी थप्पी जाते. म्हणून कटर हा या धंद्यातला उच्चवर्णीय, आणि त्याची लोकल, म्हणजे युनियनची शाखा, सगळ्यात मजबूत. कापलेले गठ्ठे ठेकेदाराकडे जायचे. ठेकेदार म्हणजे कालपर्यंत स्वतः मशीनवर बसलेला माणूस. चाळीतली एक खोली, तीन-चार भाड्याची मशिनं, की झाला मालक. त्याच्याकडे एक मशीनवाला, एक कच्चा दोरा घालणारा, एक हातशिलाई आणि काजं-बटणं करणारी, एक इस्त्रीवाला. मजुरी नगावर. सुया आणि दोरा कामगाराच्या पगारातून कापायचे, काही ठिकाणी मशीनला लागणाऱ्या विजेचेही पैसे कापायचे. वर्षातून दोन हंगाम. हंगामात आठवड्याला ५६ ते ५९ तास, आणि मधल्या मंदीत घरी बसा.

या रचनेत युनियन बांधली तर काय होतं? हंगामाच्या तोंडावर संप होतो, ठेकेदार दोन दिवसांत शरण येतो, दर वाढतो, सगळे वर्गणी भरतात. मंदी आली की वर्गणी बंद, युनियन बंद, आणि पुढच्या हंगामात दर पुन्हा जुन्या ठिकाणी. १८८८ साली मॉरिस हिलक्विट आणि सोबत्यांनी जर्मन कामगारांच्या नमुन्यावर ‘युनायटेड हिब्रू ट्रेड्स’ हा युनियनांचा संघ काढला तो या रोगावर उपाय म्हणून. पण निव्वळ संघ काढून हंगामी युनियन बारमाही होत नाही. मंदीतही माणूस बांधलेला राहील असं काहीतरी लागतं, आणि ते युनियनच्या बाहेर होतं.

पहिली गोष्ट म्हणजे ‘लांड्समानशाफ्ट’, अर्थात एका गावच्या लोकांचं मंडळ. गिरणगावातल्या कोकणातल्या गावच्या खोल्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. नवा माणूस बोटीतून उतरला की गाववाला त्याला आपल्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, चिकटवायचा. दुसरी गोष्ट ‘आर्बेटर रिंग’. १८९२ मध्ये छोटं मंडळ म्हणून सुरू झालं आणि १९०० पासून देशभराची संस्था झाली. आजारपणात भत्ता, मेल्यावर दफनाची जागा आणि खर्च, विधवेला रक्कम. शिवणधंद्यात क्षय इतका की १९१० साली संस्थेने लिबर्टी या गावी स्वतःचं क्षयरुग्णालय काढलं. युनियनची वर्गणी बुडवणारा माणूस मर्तिकाच्या फंडाची वर्गणी बुडवत नाही. ती वर्गणी भरायला तो मंदीतही बैठकीला यायचा, आणि तिथे शेजारी युनियनचा माणूस बसलेला असायचा.

तिसरी गोष्ट ‘फोरवर्ट्स’ हे यिडिश दैनिक. १८९७ साली निघालं, आणि आब्राहम काहान यांनी ते जवळपास अर्धं शतक चालवलं. १९०६ पासून त्यात ‘बिंटेल ब्रीफ’ म्हणजे ‘पत्रांची जुडी’ हे सदर यायचं. नवरा पळाला, मुलगी ख्रिश्चनाशी लग्न करते म्हणते, संपात फोरमन असलेल्या मेहुण्याशी बोलावं की नाही, असले प्रश्न. हे सदर वाचायला जो पेपर घेतला जायचा त्याच पेपरात उद्या कुठल्या शॉपवर पिकेटिंग, म्हणजे दारावरची निदर्शनं, आहे तेही असायचं. प्रचाराचं वेगळं पत्रक काढायची गरजच उरली नाही.

शेजारपाजारच्या बायकांचं अंग यात नेहमी विसरलं जातं. मे १९०२ मध्ये कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या, मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला, तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या गृहिणींनी खाटिकांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. शनिवारी त्या प्रार्थनाघरात गेल्या आणि तोरा या धर्मग्रंथाचं वाचन अडवलं. ही निव्वळ दांडगाई नव्हती. अन्याय झालेल्या माणसाने वाचन थांबवून समाजापुढे दाद मागायची ही जुनी रीत आहे. जूनमध्ये भाव १४ सेंटवर आला. या बायकांना त्यानंतर ‘संप म्हणजे काय’ हे कुणी शिकवायला नको होतं. बेकरी कामगारांनी पावावर युनियनचं लेबल चिकटवायला सुरुवात केली तेव्हा लेबल बघून पाव घेणाऱ्याही याच.

संपाचा व्यवहार कसा चालायचा ते १९०९-१० च्या संपात दिसतं. इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन जून १९०० मध्ये ११ प्रतिनिधींनी स्थापली होती, आणि शर्टवेस्ट, म्हणजे कॉलर-बटणांचे बायकांचे ब्लाउज, शिवणाऱ्यांची तिची लोकल २५ अगदीच किरकोळ होती. २२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियन या कॉलेजच्या सभागृहात सभा भरली. दोन तास भाषणं झाली, ठोस काही निघेना. तेव्हा २३ वर्षांची क्लारा लेमलिक व्यासपीठावर चढली आणि यिडिशमध्ये म्हणाली की बोलणं पुरे, सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. ठराव झाला. मग अध्यक्ष बेंजामिन फायगेनबाउम यांनी सगळ्यांना उजवा हात वर करायला लावून शपथ दिली : घेतलेल्या वचनाशी मी बेइमान झाले, तर हा वर केलेला हात झडून जावो. हा सांचा जुन्या स्तोत्रातला, ‘हे जेरुसलेम, तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो’ या ओळीचा. शहराच्या जागी युनियन घातली इतकंच. फायगेनबाउम हे धर्माची टर उडवणारे लेखक म्हणून प्रसिद्ध, आणि शपथ द्यायची वेळ आली तेव्हा हात घातला तो स्तोत्रांत. श्रद्धा नसली तरी भाषा सामाईक होती, आणि सभेतल्या प्रत्येकीला ती लहानपणापासून पाठ होती. धर्माचा या भागीदारीत उपयोग म्हणाल तर तो एवढाच आणि असा.

दुसऱ्या दिवशी हजारो मुली बाहेर पडल्या आणि आकडा वीस हजारांच्या वर गेला. व्यवस्था अशी : लग्नसमारंभांचे आणि सभांचे हॉल भाड्याने घ्यायचे, प्रत्येक हॉलला ठरावीक शॉप नेमून द्यायची, प्रत्येक शॉपची एक प्रमुख, तिच्याकडे नावांची यादी आणि पिकेटिंगच्या पाळ्या. करार शॉपगणिक करायचा. हंगाम हुकला तर छोटा मालक बुडतो, म्हणून तो पहिल्या आठवड्यातच सही करतो. इथेच पहिली फट आहे. सही केलेला छोटा मालक मोठ्या कंपनीचं संपातलं काम गुपचूप उचलतो, आणि संपावर असलेल्या बहिणींचा माल युनियनच्याच मुली शिवतात. दुसरी फट पैशाची. पहिल्या महिन्यात ७२३ मुलींना अटक झाली, १९ जणींना सक्तमजुरीच्या कोठडीत धाडलं. दंड आणि जामीन यात संपनिधी वितळतो. तो भार विमेन्स ट्रेड युनियन लीगच्या श्रीमंत बायकांनी बराचसा उचलला, आणि संप ताणला गेला तेव्हा समाजवादी बोलणं ऐकून त्यांतल्या काही बिथरल्याही. तिसरी फट भाषेची. इटालियन मुली संपात फार थोड्या आल्या, कारण सभा यिडिशमध्ये, पत्रकं यिडिशमध्ये, संघटक यिडिश बोलणारे. त्यांना दगाबाज ठरवणं सोपं होतं. त्यांना कुणी त्यांच्या भाषेत विचारलंच नव्हतं. युनियनने अखेर १९१९ साली इटालियन ड्रेसमेकरांची स्वतंत्र लोकल ८९ काढली, लुइजी अँतोनिनी तिचे पुढारी, आणि पुढे ती युनियनमधल्या सगळ्यात मोठ्या लोकलांपैकी एक झाली. दहा वर्षं उशिरा सुचलेलं शहाणपण.

फेब्रुवारी १९१० मध्ये संप मिटला. बहुतेक कंपन्यांनी सह्या केल्या : आठवडा ५२ तासांचा, सुया-दोऱ्याची कपात बंद. सही न करणाऱ्यांत ट्रँगल ही कंपनी होती. २५ मार्च १९११ ला, शनिवारी संध्याकाळी कामाची वेळ संपत आली असताना, आठव्या मजल्यावर कटिंगच्या टेबलाखालच्या चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद, बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला, बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. १४६ मेले, त्यांत १२३ बायका-मुली. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हेही ज्यूच होते आणि डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले. राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामातून पुढे जे कारखाना-सुरक्षेचे कायदे झाले त्यांची कथा बहुश्रुत आहे, ती इथे उगाळत नाही.

त्यापेक्षा ‘प्रोटोकॉल ऑफ पीस’ या करारासाठी वेळ द्यावा, कारण भागीदारीचं यंत्र कसं बसवलं आणि कसं बिघडलं हे तिथे उघडं दिसतं. जुलै १९१० मध्ये बायकांचे कोट शिवणारे सुमारे साठ हजार कामगार, बहुतेक पुरुष, संपावर गेले. शहराच्या वरच्या भागातल्या प्रतिष्ठित ज्यूंना ही लाज वाटली. ज्यू मालक आणि ज्यू कामगार रस्त्यावर भांडताहेत आणि बाकीचे बघताहेत. म्हणून बँकर जेकब शिफ आणि वकील लुईस मार्शल मध्ये पडले, बोस्टनहून लुईस ब्रँडाइस आले. युनियनचे वकील मेयर लंडन. युनियनला हवं होतं की शॉपमध्ये फक्त सभासदच कामाला घ्यावेत, मालकांना ते मान्य नव्हतं. ब्रँडाइसनी मधला तुकडा काढला : कसब सारखं असेल तर मालकाने सभासदाला आधी घ्यायचं. २ सप्टेंबरला सह्या झाल्या. आठवडा ५० तास, वर्षाला दहा सुट्ट्या, जादा वेळेला दुप्पट मजुरी, विजेची कपात बंद, घरी काम नेणं बंद, शॉपच्या आत पोटठेकेदार बंद. नगाचा दर ठरवायला प्रत्येक शॉपमध्ये संयुक्त समिती. तक्रारींना तक्रार मंडळ, त्यावर लवाद मंडळ, आणि स्वच्छतेवर देखरेखीला वेगळं संयुक्त मंडळ.

कागदावर सुरेख. पण कोटाची फॅशन दर हंगामाला बदलते, आणि प्रत्येक नव्या नमुन्याचा दर नव्याने ठरवावा लागतो. खिसा बाहेरून की आतून, कॉलरला अस्तर की नाही, यावर मजुरी बदलते. तक्रारींचा ढीग झाला. तक्रार मंडळात दोन्ही बाजूंची माणसं सारखीच, त्यामुळे मतं समसमान पडायची आणि गाडी अडायची. वरचं लवाद मंडळ क्वचित बसायचं. तोवर हंगाम संपलेला, आणि तक्रार करणारा मंदीत ‘काम नाही’ म्हणून घरी पाठवलेला. संप करायचा नाही असं युनियनने कबूल केलेलं, म्हणजे हातातलं हत्यार टाकून न्यायाची वाट बघणं आलं. १९१५ मध्ये मालकांच्या संघानेच प्रोटोकॉल मोडला आणि १९१६ साली टाळेबंदी व मोठा संप झाला.

याच्या शेजारी शिकागोचं उदाहरण ठेवा. तिथे हार्ट, शाफनर अँड मार्क्सच्या शॉप पाचमध्ये खिसे शिवायचा दर ४ सेंटवरून पावणेचार सेंटवर आणला. त्या पाव सेंटवरून सप्टेंबर १९१० मध्ये हॅना शपिरो आणि काही मुली उठून चालू लागल्या, आणि थोड्या आठवड्यांत चाळीसेक हजार कामगार बाहेर पडले. जानेवारी १९११ मध्ये करार झाला आणि त्यातून जे मंडळ उभं राहिलं त्यात एक तटस्थ अध्यक्ष होता, पगारी, कायम उपलब्ध, निर्णायक मत असलेला. फरक एवढाच. तिथला तरुण संघटक सिडनी हिलमन, लिथुआनियाच्या येशिवात, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेत, शिकलेला. त्याने १९१४ मध्ये अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स काढली तेव्हा हाच सांचा पुरुषांच्या कपड्यांच्या धंद्यात सगळीकडे नेला. पाठशाळेत ज्याची सवय होते, म्हणजे दोन बाजू, मागचे निवाडे, नव्या प्रकरणाला जुना निवाडा कितपत लागू, ते या मंडळांत उपयोगी पडलं असं म्हणायचा मोह होतो. मी तो थोडासाच मान्य करतो. मूळ कारण समसमान मतांची कोंडी फोडणारा माणूस नेमला हेच.

पैशाचं. अमॅल्गमेटेडने १९२३ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःची बँक काढली. १९२७ मध्ये ब्राँक्समध्ये व्हॅन कोर्टलँड पार्कजवळ ३०३ कुटुंबांची सहकारी वसाहत झाली. ती उभी करणारे अब्राहम कझान. खोलीमागे ५०० डॉलर भाग-भांडवल आणि खोलीमागे महिन्याला सुमारे ११ डॉलर. म्हणजे चार खोल्यांच्या घराला २००० डॉलर रोख आणि ४४ डॉलर महिना. शिंप्याकडे २००० डॉलर कुठून येणार? युनियनची बँक कर्ज द्यायची आणि त्या कर्जाच्या मागे फोरवर्ट्स उभं राहायचं. राज्याच्या १९२६ च्या कायद्याने कर माफ. घर सोडताना भाग बाजारभावाने विकायचा नाही, मूळ रक्कम परत घ्यायची. ही अट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता उलटी बाजू. सगळ्या संस्थांत तीच माणसं असली की एक तडा सगळीकडून जातो. १९२० च्या दशकात कम्युनिस्ट आणि समाजवादी यांचं जुंपलं. फोरवर्ट्सच्या समोर कम्युनिस्टांचं ‘फ्रायहाइट’ निघालं, लोकल फुटल्या, बायको एका पेपरची आणि नवरा दुसऱ्या. जुलै १९२६ चा कोट-कामगारांचा संप डाव्या नेतृत्वाने पुकारला. सप्टेंबरात मिळत असलेली तडजोड पक्षाच्या दबावामुळे नाकारली, दोन्ही बाजूंनी गुंड भाड्याने घेतले, सुमारे सहा महिन्यांनी आणि ३५ लाख डॉलर घालवून युनियन दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. आर्बेटर रिंगही १९३० मध्ये दुभंगली. डेव्हिड डुबिन्स्की १९३२ ला लेडीज गारमेंट युनियनचे अध्यक्ष झाले, आणि १९३३ मध्ये रूझवेल्टच्या नव्या कायद्याची आणि ड्रेसकामगारांच्या साठ हजारांच्या संपाची सांगड घालून युनियन पुन्हा उभी राहिली, वर्षभरात दोन लाखांवर.

हीच घडी हिटलर आल्यावर कामाला आली. फेब्रुवारी १९३४ मध्ये फोरवर्ट्सचे व्यवस्थापक बारुख चार्नी व्लादेक यांच्या पुढाकाराने ज्यूइश लेबर कमिटी स्थापन झाली. जर्मन मालावर बहिष्कार, भूमिगत कामगार गटांना पैसा. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष विल्यम ग्रीन यांना सोबत घेऊन कमिटीने परराष्ट्र खात्याकडून तातडीचे व्हिसे मिळवले, आणि युरोपात अडकलेले शेकडो समाजवादी, युनियन पुढारी आणि लेखक बाहेर काढले. ज्यू नेत्यांनी स्वतःच्या नावाने मागितलं असतं तर दार उघडलं नसतं. ग्रीन हे ज्यू नव्हते, आणि त्यांच्यामागे लाखो मतदार होते. युद्धानंतर एखाद्या शॉपने किंवा लोकलने वर्षाला ३०० डॉलर देऊन युरोपातलं अनाथ मूल दत्तक घ्यायची योजना चालली. कॅनडात तर १९४७-४८ च्या सुमारास युनियन आणि मालक एकत्र बसले आणि निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन शिंपी निवडले. उमेदवाराला बसवून शिवून घ्यायचे. कॅनडा सरकारने अट घातली की निवडलेल्यांत ज्यू जवळपास निम्मेच असावेत. परीक्षकांनी मग एखाद्याचा टाका जरा वाकडा पडला तरी फार ताणून धरलं नाही.

भागीदारी ढिली कुठे पडली? शिंप्याचा मुलगा शिंपी झाला नाही, एवढं साधं आहे. तो शिक्षक, हिशेबनीस, वकील झाला. मशीनवर पोर्तो रिकोच्या आणि कृष्णवर्णीय बायका आल्या, पण कटरच्या लोकल १० मध्ये आणि वरच्या कार्यकारिणीत जुनीच नावं राहिली. १९६२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी संघटनेचे हर्बर्ट हिल यांनी हे उघडपणे मांडलं तेव्हा डुबिन्स्कींच्या माणसांना तो ज्यूंवरचा हल्ला वाटला. आकड्यांवर वाद झाला, प्रश्नावर झाला नाही. माझ्या मते १९०९ ला इटालियन मुलींच्या बाबतीत केलेली चूक इथे पुन्हा झाली, आणि या वेळी लोकल ८९ सारखा उपायही झाला नाही. १९६८ मध्ये ब्रुकलिनमधल्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिलच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बदल्यांवरून अल्बर्ट शँकर यांच्या शिक्षक युनियनचा संप झाला, तेव्हा समोर कृष्णवर्णीय पालक होते आणि बदली झालेले शिक्षक बहुतेक ज्यू. युनियन, वस्ती आणि समाज हे तिघं प्रथमच तीन दिशांना उभे होते.

घरं मात्र आहेत. मॅनहॅटनमध्ये शिवणधंद्याच्या वस्तीला लागून शिवणकामगारांच्या युनियनने १९६२ मध्ये उभारलेल्या पेन साउथमध्ये २८२० घरं आहेत. आज तिथल्या खिडकीतून दिसणाऱ्या घरांचे भाव लाखो डॉलरांत आहेत. घर खुल्या बाजारात विकायला परवानगी द्यावी का, यावर रहिवाशांनी एकाहून अधिक वेळा मतदान घेतलं आणि दर वेळी ‘नाही’ म्हटलं.